स्या दारात उभं आहे

डेली सिटी, कॅलिफोर्निया
१४ फेब्रुवारी १९९९

ती. तिता लिओनिला यांस,
वेंगचा सा. न. वि. वि.

आशीर्वादासाठी तुमचा हात इथूनच कपाळाला लावते. कॉफी पोचली. दिवसभर पोस्टात लोकांची पत्रं लावून घरी यावं आणि ती बटांगासची कडू कॉफी प्यावी, म्हणजे मी माणसात येते. पत्र कशाला, फोन कर की मावशीला, असं आई म्हणते. तिला सांगितलं की तिता फोनवर वर्गात बोलल्यासारखं बोलतात आणि मला उगाच बाकावर उभं राहावंसं वाटतं.

बातमी अशी की आमच्या सिनेमाचं काम सुरू झालं. नाव ठेवलंय ‘आधी जेवून घे’. विनोदी आहे. चार मित्र, सगळे तिशीतले, सगळे आमच्यासारखे, म्हणजे घरात भात आणि बाहेर इंग्रजी, आणि प्रेमाच्या बाबतीत प्रत्येकाचा घोळ निराळा. लिहिलाय मी. कॅमेरा बोयेतचा, तोच बोयेत जो पोस्टात माझ्या शेजारच्या खिडकीवर बसतो आणि सेबूच्या एका मुलीला चार वर्षं पत्रं लिहितोय. ती मुलगी त्याला उत्तरात स्वयंपाकाच्या कृती पाठवते. तेसुद्धा सिनेमात घेतलंय, त्याच्या परवानगीने.

आता गंमत ऐका. नायिकेच्या आईचं काम करायला एक बाई ठरवल्या होत्या. त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या, आईच्या आदोबोच्या पातेल्यात चमचा घातला आणि व्हिनेगर कमी पडलंय म्हणाल्या. आईने त्यांना कोट दिला, पर्स दिली आणि बसचा नंबर सांगितला. मग ते काम तिने स्वतःच केलं, आणि तिता, इतकं छान केलं की बोयेत कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होता. शेवटच्या प्रसंगात मुलीचं माणूस घरच्यांना आणि जेवणाची भांडी घेऊन मागणी घालायला येतं. आई दार उघडते आणि म्हणते की आलंच म्हणायचं एकदाचं, बाहेर काय उभं राहायचं, आत यायचं, जेवण झालंय का. त्या दिवशी दारापलीकडे कोणी नव्हतं, नुसता कॅमेरा होता. बाहेरचा भाग पुढच्या रविवारी घेणार आहोत. दारात कोण येणार, हे आईने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तिचं इंग्रजी मात्र सिनेमात ठेवता येत नाही. सत्तावीस वर्षं झाली या देशात, अजून ‘तो’ आणि ‘ती’ यांची अदलाबदल चालूच आहे. ती कामाला जाते त्या वृद्धाश्रमातल्या मिशाळ आजोबांना ती ‘ती’ म्हणते, मदर सुपीरियरना ‘तो’. मी दुसरीत असताना बाईंना सांगून आली होती की माझी मुलगी वेंग, तो तापाने आजारी आहे. वर्ष संपेपर्यंत मुलं मला मिस्टर वेंग म्हणत होती.

माझं माणूस मजेत आहे. त्याची बस आता डोंगरावरच्या मार्गावर जाते. मला हसवून हसवून बेजार करतं.

लोभ आहे हे माहीत आहे. भरतकामात एखादा टाका माझ्या नावाचा घाला.

आपली,
वेंग


डेली सिटी
२१ फेब्रुवारी १९९९

ती. दित्से हिस,
आदेलचा नमस्कार.

तुला एव्हाना वेंगच्या पत्रातून समजलं असेल की तुझी धाकटी बहीण नटी झाली. एक दार उघडायचं तर मला अकरा वेळा उघडायला लावलं. सहाव्यांदा मी खरंच दमले आणि तेच त्यांना आवडलं म्हणे. आमच्या चर्चमधल्या बुएनाफेबाईंना मी आजच प्रार्थनेनंतर सांगून ठेवलंय की पुढची जागा धरा, मागून माझा चेहरा नीट दिसायचा नाही. त्यांनी नाक मुरडलं. मुरडू देत. त्यांच्या मुलाने काढलाय का सिनेमा?

खरी गोष्ट वेगळीच आहे. दित्से, वेंगचं माणूस मला कळलं. तीन वर्षं ही नाव न सांगता नुसती म्हणतेय, स्या असं आणि स्या तसं. स्या कामावर वेळेत जातं, स्या आपल्या आईला दर आठवड्याला भेटतं, स्याने मला सर्दीत आल्याचा चहा दिला. आणि हल्ली घरात पडीक कोण असतं? बोयेत. बस चालवतं म्हणाली होती ती मला चकवायला, पोस्टाची गाडी म्हणायचं असणार. मी काही बोलले नाही. मुलगी तिसाव्या वर्षी हसायला लागली आहे, मध्येच खोकून आपण तिचं हसू कशाला मोडावं.

पण तयारी हवी. मागणी घालायला माणसं येतील तेव्हा त्या स्याच्या अंगावर आपल्या घरचं काहीतरी हवं. तर तू एक बारोंग कर. अननसाच्या धाग्याचा सदरा, गळ्यापासून पोटापर्यंत तुझ्या हातचं भरतकाम, आपल्या ताआलच्या बायका पूर्वी नवऱ्यामुलासाठी करायच्या तसा. खांदे बोयेतएवढे धर, जरा सैलच, म्हणजे लग्नानंतर सुटला तरी चालेल.

खोकं भरायला घेतलंय. तुझा साबण, डब्यातलं मांस आणि गुडघ्याचं मलम घातलंय. चॉकलेट घातलेलं नाही, तुझी साखर वाढली आहे हे मला कळलेलं आहे, कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

आठवण काढतेस ना? मग तशी लिहूनही टाकत जा.

तुझी,
आदेल


ताआल, बटांगास
५ मार्च १९९९

चि. वेंग हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि तुझ्या आईचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. शाळेत दोन मुलांच्या उत्तरपत्रिका अशाच शेजारी ठेवून वाचायची सवय होती मला.

मी एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं. आपल्या भाषेत ‘तो’ला आणि ‘ती’ला एकच शब्द आहे, स्या. सोय चांगली आहे. तुझी आई इंग्रजीत गोंधळते ती अडाणी म्हणून नव्हे. तिच्या डोक्यात तेवढी एकच खुंटी आहे आणि ती सगळ्यांच्या टोप्या तिच्यावरच अडकवते. पण तू तिथे वाढलीस. तुझ्या डोक्यात दोन खुंट्या आहेत. तू जेव्हा ‘स्या’ लिहितेस तेव्हा ठरवून लिहितेस.

पुरुषाच्या प्रेमात पडलेली मुलगी अकरा पत्रांत एकदा तरी त्याच्या मिशीची, त्याच्या बुटांची किंवा त्याच्या घोरण्याची तक्रार करते. तुझ्या अकरा पत्रांत बस आहे, हसणं आहे, कारल्या-वांग्याची भाजी आहे आणि ओळीओळीला स्या आहे. मिशी कुठेच नाही. हे माझ्या गेल्या पावसाळ्यातच लक्षात आलं होतं. तू सांगशील म्हणून थांबले. नाही सांगितलंस.

आता आदेलने बारोंग मागवलाय, बोयेतच्या खांद्यांच्या अंदाजाने. मी अंदाजाने कापड कापत नाही. ज्या अंगावर तो जायचा त्या अंगाचं माप मला पाठव. खरं माप. शब्दाच्या आड उभी राहू नकोस, तुझ्यासारख्या मुलीला ते शोभत नाही.

माझ्या मायेचं माप तुला ठाऊक आहेच, ते कमी व्हायचं नाही.

तुझी,
तिता लिओनिला


डेली सिटी
१७ मार्च १९९९

ती. तिता यांस,
सा. न. वि. वि.

खांदे सोळा इंच. छाती छत्तीस. बाही बावीस. नाव ग्लेंडा आग्बायानी. वय एकतीस. मिशी नाही.

तुमचं पत्र पोस्टातच उघडलं आणि तिथेच खाली बसले. बोयेतला वाटलं कोणी गेलं. तीन वर्षं जे लिहायला हात धजत नव्हता ते तुम्ही शिंप्याच्या फितीने काढून घेतलंत.

पण तिता, मी चूक कबूल करत नाहीये. तुम्ही माप मागितलंत, मी माप दिलं. ग्लेंडा शहराची बस चालवते, खरोखरच. म्हातारं माणूस धावत येताना दिसलं तर थांबते आणि मागचे भोंगे वाजवत बसले तरी हलत नाही. मी तिची लाज बाळगत नाही, एक मिनिटभरही नाही. आईशी मी एकही खोटं वाक्य बोललेले नाही. स्या नीट जेवतं ना, असं तिने विचारलं आणि मी हो म्हटलं. स्याची आई कुठली, तर स्टॉकटनची, तेही खरंच. खुंटीवर बोयेतची टोपी अडकवली ती तिनेच.

आणि आता लपणारही नाही. बावीस मेला चर्चच्या सभागृहात सिनेमा दाखवतोय. आई दार उघडेल आणि ग्लेंडा आत येईल. दोनशे लोकांसमोर आई तिला हसून विचारेल की जेवण झालंय का. एकदा पडद्यावर विचारलं की घरी कसं नाही म्हणेल? माझ्या आईला मी ओळखते, चारचौघांत एकदा आपल्या तोंडून गेलेला शब्द ती मोडत नाही.

तुम्ही रागावला असाल तर रागावा, पण पत्र थांबवू नका.

आपली,
वेंग


डेली सिटी
१ एप्रिल १९९९

ती. दित्से हिस,
आदेलचा नमस्कार.

उद्या गुड फ्रायडे. उद्या राग धरायचा नाही, म्हणून आजच सगळा काढून टाकते.

परवा मी बोयेतच्या गॅरेजमध्ये पान्सित घेऊन गेले. पोरं तिथे रात्रंदिवस सिनेमा कापत आणि जोडत बसलेली, म्हटलं शेवया खातील, आयुष्य वाढेल. पडद्यावर मीच होते. दार उघडलं, हसले, काय सुंदर हसले मी दित्से. आत यायचं म्हणाले, जेवण झालंय का म्हणाले. आणि आत कोण आलं? बोयेत नाही. सिनेमाचं काम चालू असताना लांब काठीला आवाज पकडायचं यंत्र बांधून धरायला एक उंच मुलगी यायची, ती. हातात पातेलं. आणि वेंगने तिचा हात असा धरला की मला जे कळायचं ते कळलं.

बोयेत म्हणाला की आंटी, तुम्हाला माहीत नव्हतं? मी म्हटलं की मला माहीत असतं तर या शेवया मी इथे आणल्या असत्या का. पान्सित परत घेऊन घरी आले.

मला फसवलं, दित्से. मुलगी कोणावर जीव लावते ते नंतर बघू, ते मला अजून डोक्यात मावत नाही आणि कधी मावेल ते माहीत नाही. पण माझ्याच तोंडून, माझ्याच स्वयंपाकघरात, जे माझ्या मनात नव्हतं ते वदवून घेतलं. अकरा वेळा. मी अनोळखी बाई असते तरी तिने असं केलं नसतं. मी तिला सांगितलं की तो प्रसंग काप. ती म्हणाली की आई, तुझं सगळ्यात सुंदर काम आहे ते. म्हणून तर जास्त लागलं.

आणि वर उत्तरेकडची इलोकानो. आग्बायानी. बटांगासची एवढी माणसं या गावात असताना.

आम्ही बोलत नाही. एका घरात राहतो, एका फ्रिजमधलं खातो. तुझ्या भाचीला कळव की मीठ संपलंय. आणि तिच्या निळ्या स्वेटरला भोक पडलंय, थंडीत तो घालून जाऊ नकोस म्हणावं. आणि हेही कळव की पाद्रीबाबांशी बोलून मी ते सभागृह रद्द करू शकते. करीन की नाही ते मी ठरवेन.

बारोंगचं राहू दे.

तूच एक आहेस, दूर का होईना. तेवढी राहा.

तुझी,
आदेल


ताआल
१३ एप्रिल १९९९

चि. आदेल हिस,
अ. आ.

तुझ्या मुलीने तुला फसवलं, यात तुझं खरं आहे. ते मी तिला स्वतंत्र लिहिते आहे आणि गोड शब्दांत लिहीत नाही.

आता तुझ्याविषयी. सदुसष्ट साल तू विसरलीस, मी विसरले नाही. तुझा दोमेंग सामार बेटावरून आला, बोटीवरचा स्वयंपाकी, हातात सुकटीची टोपली. आई म्हणाली की सामारचा माणूस माझ्या घरात पाऊल टाकणार नाही. तीन दिवस तो जिन्याखाली होता. पाणी भरलं, लाकडं फोडली, आईच्या कोंबड्या पकडून दिल्या. तू वर खिडकीशी बसून रडत होतीस आणि एकदाही खाली उतरली नाहीस. तिसऱ्या दिवशी दार कोणी उघडलं? मी. आई माझ्याशी त्यानंतर नाताळपर्यंत बोलली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

त्या वेळी आई काय म्हणाली होती, आठवतं? बटांगासची एवढी मुलं असताना. तुझ्या पत्रात ते वाक्य तुझ्या अक्षरात वाचून मी चष्मा पुसला.

सभागृह रद्द करायचं असेल तर कर. पण पाद्रीबाबांना कारण काय सांगशील ते आधी मला लिहून पाठव. व्याकरण मी तपासून देते.

बारोंग मी सुरू केलेला आहे. सुरू केलेलं काम मी सोडत नाही.

आशीर्वाद आहेत, ते घे किंवा नको घेऊस.

तुझी,
दित्से


ताआल
१३ एप्रिल १९९९

चि. वेंग हिस,
अ. उ. आ.

मुलीबद्दल तुझं बरोबर आहे. कॅमेऱ्याबद्दल चूक आहे.

आईने दार उघडावं अशी तुझी इच्छा आहे ना? मग ज्याच्यासाठी तिने उघडलं त्याची तिला खबर हवी. नाहीतर ते दार तूच उघडलंस, तिचा हात धरून. असलं उघडलेलं दार ग्लेंडाच्या काय उपयोगाचं? ती बाई भोंग्यांना भीत नाही असं तूच लिहितेस. तिला चोरून आत घ्यायची गरज नाही.

घरात मीठ संपलंय. निळ्या स्वेटरला भोक आहे, थंडीत घालू नकोस असं तुझ्या आईचं सांगणं आहे. ते वाक्य नीट वाच. रागावलेली बाई असं लिहीत नाही, घाबरलेली आई लिहिते.

माझं बोलणं लागलं असेल तर लागू दे, मायाही त्याच्यातच आहे.

तुझी,
तिता


डेली सिटी
१ मे १९९९

ती. तिता यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा चिडले.

मीठ आणलं. स्वेटर शिवला. आणि तो प्रसंग कापला.

आईने हुकूम सोडला म्हणून नाही कापला. तिने पाद्रीबाबांकडे जाऊन सभागृह बंद केलं असतं तरी मी पार्किंगमध्ये चादर लावून सिनेमा दाखवला असता, प्रसंगासकट. कापला कारण तुम्ही म्हणालात ते खरं होतं. ते हसू बोयेतसाठी होतं. दुसऱ्याच्या नावाने आलेलं पत्र मी पोस्टात कधी फोडत नाही, आणि घरी तेच केलं होतं.

पण ग्लेंडा सिनेमातून जाणार नाही. हे मी आईला फ्रिजवर चिठ्ठी लावून कळवलं आहे. आता शेवट असा आहे की ग्लेंडा धुक्यातून येते, हातात पातेलं, दार वाजवते आणि उभी राहते. दार उघडत नाही. ती उभीच. मग पडदा काळा. बोयेतने डोक्याला हात लावला. म्हणाला की वेंग, हा विनोदी सिनेमा आहे, लोक हसत हसत घरी जायला हवेत. मी म्हटलं की पावणेदोन तास हसतील, शेवटचं मिनिट नाही हसले तर नाही हसले. जे दार उघडलेलं नाही ते मी उघडलेलं दाखवणार नाही.

ग्लेंडाला मी मागच्या रांगेत बसायला सांगणार नाही. मधल्या वाटेने येईल, माझ्याशेजारी बसेल. कोणाला मान वळवून बघायचं असेल तर बघू दे, तिकीट काढून आलेत.

आई फ्रिजवर उत्तर लावत नाही. चिठ्ठी मात्र काढून टाकलेली नाही. तिता, मी कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगते. लोकांचं मला काही नाही. पण त्या दिवशी आई आली नाही तर मी घरी कशी येणार, ते मला ठाऊक नाही. ग्लेंडाकडे राहायला जावं लागेल, आणि तसं मला जायचं नाहीये. मला दोघी हव्यात. एक सोडून दुसरी घे, असं कोणी म्हणालं तर मी ऐकणार नाही, तुम्ही म्हणालात तरीही.

तुमचा हात कपाळाला. थोडा वेळ तिथेच असू द्या.

आपली,
वेंग


ताआल
१२ मे १९९९

चि. आदेल हिस,
अ. आ.

हे पत्र आपल्या गल्लीतल्या लुपेबाईंबरोबर पाठवते आहे. त्या सतरा तारखेच्या विमानाने मुलाकडे येताहेत. त्यांच्याच हाती बारोंग दिला आहे, पण तो तुझ्याकडे नाही, वेंगच्या हातात द्यायला सांगितलंय, कारण माप तिने दिलं.

तू लिहिलं होतंस की त्या स्याच्या अंगावर आपल्या घरचं काहीतरी हवं. मी ते तुझ्या शब्दाला धरून केलं. स्यासाठी मागवलास, स्यासाठी शिवला. तक्रार असेल तर भाषेकडे कर.

गळ्याशी जिन्याची नक्षी काढली आहे. सोळा पायऱ्या. तुला त्या आपल्या घराच्या म्हणून ओळखू येतील.

डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, हा शेवटचा बारोंग. ज्याला दिला त्याने घालावा एवढंच.

तुझी,
दित्से


डेली सिटी
२३ मे १९९९

ती. दित्से हिस,
आदेलचा नमस्कार.

तुझे कान लांबूनच पिळते. तुझ्याशी मी भांडणार आहे, पण आधी हकीकत.

मी सिनेमाला जाणार नव्हते, हे आधीच सांगते. सभागृहात मध्यंतराला तीनशे लुंपिया लागणार होत्या आणि त्या तळायला त्यांना कोणी मिळेना. मागच्या वर्षी बुएनाफेबाईंनी तळल्या होत्या, आत सारण कच्चं होतं. माणसं आजारी पडायला नकोत म्हणून मी गेले. तळून झाल्या, पाय दुखायला लागले म्हणून बसले. तिसऱ्या रांगेत जागा होती.

तेवढ्यात मधल्या वाटेने त्या दोघी आल्या. आणि तिच्या अंगावर तो बारोंग. तुझं भरतकाम मी शंभर पावलांवरून ओळखते. खांद्यात सूतभर सैल नाही, बाही मनगटावर बरोबर. तिच्याइतका तो बोयेतला मेला तरी शोभला नसता. बुएनाफेबाई माझ्या कानाशी लागल्या की पुरुषाचा सदरा घालून आलेली ही कोण, आणि असला बारोंग हिला दिला कोणी. मी म्हटलं की मागवलेला मीच आहे. ते खरंच होतं. सोळा पायऱ्या मी मोजल्या, तू एकही चुकवली नाहीस, दुष्ट आहेस तू.

सिनेमा चांगला आहे. लोक फार हसले. माझे तीन प्रसंग आहेत, तिन्हींना हसले, एकाला टाळ्या. तो दाराचा प्रसंग खरंच नव्हता. तिने काढला होता. मला वाटलं होतं की चिठ्ठीत नुसतं म्हणतेय. ती मुलगी पातेलं घेऊन दाराशी उभी, धुकं केवढं, आणि दार बंद. आतून कोणी येईना. ती पातेलं या हातातून त्या हातात घेते. गरम असणार. मला दोमेंगची टोपली दिसायला लागली आणि त्या खिडकीत बसलेली मी दिसायला लागले. तेव्हा मला खाली उतरायला काय झालं होतं, दित्से? पाय तर धड होते.

ही सिनेमातली चूक होती. पाहुण्याला असं कोणी ठेवतं का? सिनेमा दाखवायच्या मशीनवर चर्चमधले ते आयरिश म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना मी माझ्या जागेवरून तेवढं सांगितलं. लोक हसले. नंतर टाळ्या का वाजवल्या ते मला माहीत नाही, त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतं. पाद्रीबाबाही वाजवत होते.

मग मी त्या ग्लेंडाची भाजी खाल्ली. तिने खरोखरच पातेलं आणलं होतं, कारली-वांगी. मीठ जास्त आहे. इलोकानो हात, दुसरं काय होणार. मी तिला तसं तोंडावर सांगितलं, आणि येत्या रविवारी येऊन माझ्यासमोर करून दाखव म्हटलं. तिने बिचकायला हवं होतं, ती बिचकली नाही. वेंगच्या वडिलांसारखी उलट हसली. पाच वाजता येणार आहे. बोयेत कॅमेरा घेऊन येतो म्हणतोय, दार पुन्हा उघडायचं आहे म्हणे. मी सांगितलं की एकदाच उघडीन, अकरा वेळा नाही, आणि या वेळेला बाहेर कोण आहे ते मला माहीत असलं पाहिजे.

मला सगळं मावलं असं समजू नकोस. अजून मावत नाही. रात्री उठून बसते, लोकांचं काय, देवाचं काय, असं मनात येतं. पण लोकांना मी बघून घेईन. देवाशी माझं वेगळं बोलणं चालू आहे, ते तुला सांगणार नाही.

खाली थोडी जागा सोडते. वेंगला काहीतरी लिहायचं आहे म्हणते. एकाच पाकिटात जाऊ दे.

तुझ्यावाचून मला कोण ओरडणार? तेवढ्यासाठी तरी सांभाळून राहा.

तुझी,
आदेल


तिता, आई स्वयंपाकघरात आहे, तोवर पटकन लिहिते.

ती मशीनवाल्या गृहस्थांना काय म्हणाली ते तिने तुम्हाला सांगितलेलं नाही. ती उभी राहिली होती. सगळं सभागृह अंधारात, आणि आई तिसऱ्या रांगेत उभी, हातात लुंपियाचा चिमटा. मोठ्याने, इंग्रजीत म्हणाली की दार उघडा. ती केव्हाची उभी आहे. तिचे हात भाजताहेत. ती अजून जेवलेली नाही.

पुढच्या तिन्ही वाक्यांत ‘ती’, तिता. एकदाही चुकली नाही.

वेंग